आफ्रिकेतल्या शांतिसेना आणि परदेशी लष्करी तळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेत कुठे सत्तापालट झाला, कुठे फ्रान्सचा झेंडा उतरला, कुठे रशियन सैनिक दिसले की तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. काही स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे असतात, काही नुसतीच बातमी वाचून गोंधळलेल्यांचे. ते इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. शांतिसेना म्हणजे नेमकं कुणाचं सैन्य?

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही आणि आफ्रिकन युनियनकडेही नाही. सदस्य देश आपापल्या पलटणी ठरावीक काळासाठी देतात. सैनिकाची वर्दी, बंदूक, बढती आणि शिस्तीचे नियम त्याच्या देशाचेच राहतात. बदलतं ते हेल्मेट आणि दंडावरचं चिन्ह. कागदावर हुकूम मोहिमेच्या फोर्स कमांडरचा चालतो. पण प्रसंग बाका आला की तुकडीचा अधिकारी आधी आपल्या राजधानीला फोन लावतो. हे कुणी जाहीरपणे म्हणत नाही, तरी मोहिमेत काम केलेल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं.

२. आफ्रिकेत इतक्या प्रकारच्या फौजा दिसतात. कोण कुठली, हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी विचारा : पाठवलं कुणी, बोलावलं कुणी आणि खर्च कोण करतं. त्यावरून साधारण पाच गट पडतात.

पहिला गट संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या हेल्मेटवाल्यांचा. दुसरा आफ्रिकन युनियनच्या मोहिमांचा, उदाहरणार्थ सोमालियातली. तिसरा प्रादेशिक संघटनांच्या फौजांचा : पश्चिम आफ्रिकेची इकोवास, दक्षिणेची सॅडेक, पूर्वेची ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी. चौथा एका विशिष्ट शत्रूविरुद्ध शेजाऱ्यांनी उभारलेल्या आघाड्यांचा. चाड सरोवराभोवती बोको हरामशी लढणारं बहुराष्ट्रीय दल या प्रकारचं. त्याचं मुख्यालय एन्जामेना इथे आहे. पाचवा गट थेट दोन सरकारांमधल्या करारावर आलेल्या सैन्याचा. परदेशी तळ आणि भाडोत्री कंपन्या बहुतेक याच दाराने येतात.

एकाच देशाचे सैनिक एकाच शहरात दोन गटांत असू शकतात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या बांगी या राजधानीत रवांडाचे सैनिक निळ्या हेल्मेटमध्ये आहेत, आणि डिसेंबर २०२० पासून रवांडाचीच वेगळी फौज तिथल्या सरकारशी झालेल्या करारावर आहे. पहिल्यांना संयुक्त राष्ट्रांचे नियम लागू होतात, दुसऱ्यांना होत नाहीत.

३. आफ्रिकन युनियनला एखाद्या देशात त्याच्या मर्जीविरुद्ध सैन्य घालता येतं का?

कायद्याने येतं. प्रत्यक्षात आजवर कधी घातलेलं नाही.

१९६३ मध्ये अदिस अबाबात स्थापन झालेली जुनी आफ्रिकी एकता संघटना ‘दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही’ या तत्त्वावर चालायची. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार झाला आणि त्या तत्त्वाची लाज वाटू लागली. म्हणून २००२ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकन युनियनच्या घटनेत कलम ४(एच) आलं. युद्धगुन्हे, वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील, तर सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा अधिकार या कलमाने युनियनला दिला.

डिसेंबर २०१५ मध्ये बुरुंडीत रक्तपात वाढला तेव्हा युनियनच्या शांतता व सुरक्षा परिषदेने ५,००० जणांचं दल पाठवायचं ठरवलं. राष्ट्राध्यक्ष एन्कुरुनझिझा यांनी बजावलं, की हे सैन्य आलं तर तो हल्ला समजून लढू. पुढच्याच महिन्यात राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद भरली आणि तिने पाय मागे घेतला. मतदान करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्याच देशातल्या उद्याची काळजी असावी, असं मला वाटतं.

४. आफ्रिकन स्टँडबाय फोर्स खरंच अस्तित्वात आहे का?

आहे, पण बराकीत उभं असलेलं सैन्य म्हणून नाही. खंडाचे उत्तर, पूर्व, मध्य, दक्षिण आणि पश्चिम असे पाच विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाने ब्रिगेडएवढं दल तयार ठेवायचं आणि वंशसंहारासारख्या प्रसंगी ते १४ दिवसांत हलवायचं, अशी कल्पना होती. मुदत २०१० ची होती, ती २०१५ पर्यंत गेली. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत लोहाटला इथे मोठा सराव झाला आणि नंतर दल सज्ज असल्याचं जाहीर करण्यात आलं.

सज्ज म्हणजे यादी, नियमपुस्तिका आणि नेमलेले अधिकारी. सैन्य हलवायला लागणारी मालवाहू विमानं बहुतेक देशांकडे नाहीत. शिवाय विभागीय संघटना आपलं दल युनियनच्या हाती सोपवायला नाखूश असतात. संकट आलं की जो तो आपापली वेगळी मोहीम उभारतो.

५. इकोमॉग म्हणजे काय? इकोवास आणि इकोमॉग एकच का?

नाही. इकोवास ही १९७५ मध्ये स्थापन झालेली पश्चिम आफ्रिकी देशांची आर्थिक संघटना, आणि इकोमॉग हे तिने १९९० मध्ये लायबेरियासाठी उभारलेलं सैन्य. व्यापारासाठी जमलेल्या देशांनी फौज उभारावी हे विचित्र वाटेल. पण शेजारी देश पेटला की निर्वासित आणि बंदुका दोन्ही आपल्या हद्दीत येतात, हे त्यांना लगेच कळलं.

सैन्य आणि पैसा यांचा सिंहाचा वाटा नायजेरियाचा होता. सुरुवात नामुष्कीची झाली. सप्टेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो मन्रोव्हिया बंदरातल्या इकोमॉगच्या मुख्यालयात भेटीला आले असताना बंडखोरांनी त्यांना तिथूनच उचललं आणि ठार केलं. शांतिसेनेच्या दारातून राष्ट्राध्यक्ष पळवला गेला! पुढे लूटमारीच्या आणि एका गटाची बाजू घेतल्याच्याही तक्रारी झाल्या. तरीही १९९८ मध्ये याच फौजेने सिएरा लिओनमध्ये बंडखोर राजवट हुसकावली आणि निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कब्बा यांना परत खुर्चीवर बसवलं. मला विचाराल तर इकोमॉगचं मूल्यमापन एका वाक्यात करणं हा अन्याय ठरेल.

६. इकोवासने गांबियात हुकूमशहा हटवला, मग नायजरमध्ये हात का आखडले?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून उत्तर थोडं लांब.

डिसेंबर २०१६ मध्ये गांबियाचे याह्या जामेह निवडणूक हरले. आधी त्यांनी पराभव मान्य केला, मग शब्द फिरवला. १९ जानेवारी २०१७ रोजी विजयी उमेदवार अडामा बॅरो यांनी सेनेगलमधल्या डकार इथे, गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली आणि त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखालचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं. दोन दिवसांत जामेह देश सोडून इक्वेटोरियल गिनीला गेले. लढाई जवळपास झालीच नाही.

आता नकाशा पाहा. गांबियाच्या तिन्ही बाजूंना सेनेगल आणि चौथीकडे समुद्र. क्षेत्रफळ पुणे जिल्ह्याहूनही कमी. त्यांच्या सेनाप्रमुखानेही आपण लढणार नाही असं उघड सांगून टाकलं होतं. शिवाय बोलावणारा माणूस हाताशी होता : निवडून आलेला आणि शपथ घेतलेला राष्ट्राध्यक्ष.

२६ जुलै २०२३ रोजी नायजरमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना ताब्यात घेतलं. इकोवासने आठवड्याची मुदत दिली, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली, आणि १० ऑगस्टला राखीव दल सज्ज ठेवण्याचा आदेशही निघाला. पण नायजर महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे. नायजेरियाबरोबरची त्याची सीमा दीड हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि दोन्ही बाजूंना हौसा भाषा बोलणारी, नात्यागोत्याची माणसं राहतात. उत्तर नायजेरियातून विरोध उठला, तिथल्या सिनेटनेही युद्धाला पाठिंबा दिला नाही. नायजरवरचा हल्ला तो आमच्यावरचा हल्ला, असं माली आणि बुर्किना फासो यांनी जाहीर केलं. बाझूम तर बंडवाल्यांच्याच कैदेत होते. धमकी हवेत विरली.

त्याची किंमत मोठी पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये या तीन देशांनी साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा) देशांची आघाडी स्थापन केली, जानेवारी २०२४ मध्ये इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि २९ जानेवारी २०२५ पासून ते अधिकृतपणे बाहेर आहेत.

गोष्ट मात्र इथेच संपत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये बेनिनमध्ये काही सैनिकांनी उठाव केला, तेव्हा तिथल्या सरकारच्या विनंतीवरून नायजेरियाची लढाऊ विमानं आली आणि इकोवासने राखीव दलही धाडलं. उठाव फसला. तिथे सरकार अजून खुर्चीवर होतं आणि मदत मागू शकत होतं. नायजरमध्ये हीच गोष्ट नव्हती.

७. अशा कारवाईला सुरक्षा परिषदेची परवानगी लागतेच ना?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५३ तसं सांगतं : प्रादेशिक संघटनेने बळाचा वापर करायचा तर सुरक्षा परिषदेची मान्यता हवी. पण १९९० मध्ये लायबेरियात इकोमॉग आधी उतरलं आणि परिषदेने पाठ थोपटली ती नंतर. गांबियाच्या वेळच्या ठराव २३३७ मध्ये इकोवासच्या प्रयत्नांना पाठिंबा होता, बळाच्या वापराला स्पष्ट होकार नव्हता. तिथे आधार ठरलं ते बॅरो यांचं निमंत्रण. कायदेशीर सरकारने स्वतः बोलावलं असेल तर कलम ५३ चा प्रश्नच फारसा उरत नाही. खरा वाद असतो तो कायदेशीर सरकार कुठलं, यावर.

८. सोमालियातल्या मोहिमेचं नाव सारखं का बदलतं?

२००७ मध्ये ती ॲमिसॉम होती, एप्रिल २०२२ पासून ॲटमिस, १ जानेवारी २०२५ पासून ऑसॉम. दरवेळी नव्या नावाबरोबर ‘आता जबाबदारी सोमाली सैन्याकडे सोपवून निघायचं’ असं वेळापत्रक असतं, आणि दरवेळी ते लांबतं. ॲमिसॉमला पहिली परवानगी फक्त सहा महिन्यांची होती.

मार्च २००७ मध्ये युगांडाचे सैनिक मोगादिशूत उतरले. त्या वर्षअखेरीस बुरुंडी आलं, पुढे जिबूती, केनिया आणि इथिओपिया. एका टप्प्यावर मंजूर संख्या २२ हजारांवर गेली. ऑसॉमसाठी ती सुमारे १२ हजार आहे. २०११ मध्ये अल-शबाब या जिहादी संघटनेला मोगादिशूतून मागे रेटलं ते याच फौजेने, आणि तेही घरोघर लढून. ‘शांतिसेना’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं दोन गटांच्या मधोमध उभं असलेलं तटस्थ दल हे नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये एल अदे इथला केनियाचा तळ अल-शबाबने उद्ध्वस्त केला. मे २०२३ मध्ये बुलो मरेर इथे युगांडाचे ५४ सैनिक मारले गेले, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी सांगितलं.

आता त्यात शेजाऱ्यांचं राजकारण मिसळलं आहे. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडशी समुद्रमार्गासाठी सामंजस्य करार केला, सोमालिया संतापला आणि नव्या मोहिमेसाठी त्याने इजिप्तला पुढे केलं. नाईलवरच्या धरणावरून इजिप्त आणि इथिओपियाचं वैर जुनं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या मध्यस्थीने सोमालिया आणि इथिओपियाचा समेट झाला, पण ‘सैन्य कुणाचं घ्यायचं’ हा प्रश्न लष्करी राहिलेला नाही.

९. या मोहिमांचे पैसे कोण देतं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि बातम्यांत तो शेवटच्या परिच्छेदात येतो, आला तर.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांना ठरलेली वर्गणी असते. प्रत्येक सदस्य देशाला हिस्सा भरावाच लागतो. सैनिक देणाऱ्या देशाला माणशी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. जुलै २०१८ पासून ती १,४२८ डॉलर होती. ही रक्कम सैनिकाच्या नव्हे, सरकारच्या खात्यात जमा होते. सैनिकाला किती द्यायचं ते त्याचं सरकार ठरवतं.

आफ्रिकन युनियनच्या मोहिमांना अशी हमी नाही. सोमालियात सैनिकांचे भत्ते वर्षानुवर्षं युरोपियन युनियनने दिले, आणि रसद म्हणजे तंबू, इंधन, अन्न, औषधं यांची सोय संयुक्त राष्ट्रांनी केली. २०१६ मध्ये युरोपने भत्त्याच्या रकमेत २० टक्के कपात केली, तेव्हा सैन्य काढून घेऊ अशा धमक्या लगेच सुरू झाल्या. म्हणजे आफ्रिकी मोहिमेची मुदत ब्रुसेल्समधल्या अंदाजपत्रकावर ठरत होती.

यावर दोन उपाय निघाले. २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगालीत ठरलं की सदस्य देशांनी आयातीवर ०.२ टक्के आकारणी करून युनियनला पैसे द्यायचे. काहींनी ती लावली, बऱ्याच जणांनी नाही. दुसरा उपाय सुरक्षा परिषदेचा डिसेंबर २०२३ मधला ठराव २७१९ : आफ्रिकन युनियनच्या मोहिमेचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या सक्तीच्या वर्गणीतून करता येईल. पहिला प्रयोग सोमालियात व्हायचा होता. अमेरिकेने ‘ही जागा योग्य नाही’ म्हणून आडकाठी केली. परिणामी ऑसॉम सुरू झाली तीच उधारीवर.

१०. काँगोमध्ये एकाच वेळी किती शांतिसेना होत्या? आणि तरीही गोमा कसं पडलं?

पूर्व काँगोत संयुक्त राष्ट्रांची मोहीम १९९९ पासून आहे; २०१० पासून तिचं नाव मोनुस्को. एम२३ या बंडखोर गटाने पुन्हा डोकं वर काढल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीचं दल आलं. ते बंडखोरांशी लढत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष चिसेकेदी वैतागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला निरोप मिळाला. लगेच सॅडेकचं दल आलं, त्यात दक्षिण आफ्रिका, मलावी आणि टांझानियाचे सैनिक.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस एम२३ ने पूर्व काँगोतलं गोमा हे मोठं शहर घेतलं. दक्षिण आफ्रिकेचे १४ सैनिक मारले गेले, बाकीचे आपल्याच तळांत अडकून पडले. मार्चमध्ये सॅडेकने मोहीम गुंडाळली. विमानतळ बंडखोरांच्या ताब्यात असल्यामुळे सैन्य परत निघालं ते रस्त्याने, रवांडामार्गे टांझानियाकडे. एम२३ ला रवांडाचं बळ आहे, असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. रवांडा ते नाकारतो. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच रस्त्याने माघार.

एकामागोमाग तीन मोहिमा येऊनही (शेवटी त्यांतल्या मोनुस्को आणि सॅडेक या दोनच उरल्या होत्या) शहर पडलं, कारण तिघींचा शत्रू कोण याबद्दल एकमत नव्हतं, आणि सॅडेकच्या दलाकडे पुरेसं हवाई बळ नव्हतं.

११. मग रवांडा शांतिरक्षक की आक्रमक?

दोन्ही आरोप-प्रशस्तिपत्रं एकाच वेळी खरी असू शकतात. रवांडा संयुक्त राष्ट्रांना सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांपैकी एक आहे. मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात जुलै २०२१ मध्ये त्याचे १,००० जण सॅडेकच्या दलाआधी पोहोचले. सॅडेकचं दल २०२४ मध्ये परतलं, रवांडाचं थांबलं. त्यासाठी युरोपियन युनियनने दोनदा दोन-दोन कोटी युरो दिले. चांगली शांतिसेना पाठवणाऱ्या देशाला इतरत्र जाब विचारणं जड जातं, हे किगालीला नक्कीच कळतं.

१२. जिबूतीसारख्या छोट्या देशात इतके परदेशी तळ कसे?

बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीमुळे. हिंदी महासागरातून सुएझकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिच्यातून जावं लागतं, आणि जिबूती तिच्या काठावर आहे. फ्रेंच सैन्य १९७७ मधल्या स्वातंत्र्यानंतरही राहिलंच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने कँप लेमोनिये घेतला. तोही पूर्वी फ्रेंचांचाच. सोमाली चाचेगिरीच्या काळात २०११ मध्ये जपान आला, मग इटली. १ ऑगस्ट २०१७ रोजी चीनने आपला परदेशातला पहिला तळ इथे उघडला, अमेरिकी तळापासून काही किलोमीटरवर. एकमेकांशी न बोलणारे भाडेकरू एकाच चाळीत राहावेत आणि मालकाने सगळ्यांकडून वेळेवर भाडं घ्यावं, तसा हा प्रकार. २०१४ मध्ये अमेरिकेने केलेल्या नूतनीकरणात वर्षाचं भाडं सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर ठरलं.

१३. अमेरिकेच्या आफ्रिका कमांडचं मुख्यालय जर्मनीत का?

२००७ मध्ये आफ्रिकॉम स्थापन झालं तेव्हा आफ्रिकेत जागा शोधली गेली. लायबेरिया सोडून कुणी उत्साह दाखवला नाही, म्हणून मुख्यालय श्टुटगार्टमध्येच राहिलं. परीक्षेसाठी लक्षात ठेवा : इजिप्त आफ्रिकॉमच्या कक्षेत नाही, तो मध्यपूर्वेच्या सेंट्रल कमांडकडे आहे.

१४. फ्रान्स आफ्रिकेतून पूर्ण बाहेर पडला का?

साहेलमधून, हो. जानेवारी २०१३ मध्ये मालीत जिहादींविरुद्ध फ्रान्सचं ऑपरेशन सर्व्हाल सुरू झालं तेव्हा तिंबुक्तूत फ्रेंच सैनिकांचं स्वागत झालं होतं. पुढे त्याच मोहिमेचं नाव बारखान झालं, वर्षं गेली, हल्ले थांबले नाहीत, आणि स्वागताचा राग झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये माली, फेब्रुवारी २०२३ मध्ये बुर्किना फासो, डिसेंबर २०२३ मध्ये नायजर. २०२५ च्या सुरुवातीला चाड आणि आयव्हरी कोस्ट, आणि १७ जुलै २०२५ रोजी सेनेगल. पहिल्या तिघांनी हाकललं, चाडने करार मोडला, शेवटच्या दोघांनी सामोपचाराने तळ परत घेतले. सगळ्यांना एकाच रांगेत बसवू नका.

उरलं काय? जिबूतीत सुमारे दीड हजार सैनिक आणि गॅबनमध्ये स्थानिक लष्करासोबत वाटून घेतलेला तळ. शिवाय हिंदी महासागरातली रेयुनियों आणि मायोत ही बेटं फ्रान्सचाच भाग आहेत. तिथलं सैन्य कायद्याने ‘परदेशी’ नाहीच.

१५. वॅग्नर संपलं ना? मग मालीत रशियन कोण आहेत?

नाव संपलं. वॅग्नर या रशियन भाडोत्री कंपनीचा प्रमुख प्रिगोझिन ऑगस्ट २०२३ मध्ये विमान अपघातात मेला, आणि त्याचा पसारा टप्प्याटप्प्याने रशियाच्या संरक्षण मंत्रालयाच्या ‘आफ्रिका कोअर’कडे गेला. मालीतून निघाल्याचं वॅग्नरने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१८ पासून त्यांनी बंदुकीबरोबर खाणींमध्येही हात घातला.

कारभार कसा होता, तर मार्च २०२२ मध्ये मालीच्या मौरा गावात सरकारी सैन्य आणि ‘परदेशी लष्करी कर्मचाऱ्यांनी’ किमान ५०० माणसं मारली, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने म्हटलं. आणि जिंकलेही फार असं नाही : जुलै २०२४ मध्ये अल्जीरियाच्या सीमेजवळ तिनझाउआतेन इथे तुआरेग बंडखोरांनी त्यांचा मोठा पराभव केला.

१६. यजमान देशाने ‘निघा’ म्हटलं तर शांतिसेनेला निघावंच लागतं का?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या (बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या) प्रकरणाखालची मोहीम असेल तर कायद्याने थांबता येईल. पण विमान उतरवायला परवानगी, पाणी, इंधन हे सगळं यजमानाच्या हाती असतं. जून २०२३ मध्ये मालीने सांगितलं आणि वर्षअखेर मिनुस्मा ही तिथली संयुक्त राष्ट्रांची मोहीम बंद झाली. दहा वर्षांत तिचे तीनशेहून अधिक शांतिसैनिक मरण पावले होते. परदेशी तळाचं तर काय, करार रद्द की मुक्काम संपला. नायजरने मार्च २०२४ मध्ये अमेरिकेशी करार मोडला. अगादेझजवळचा ड्रोन तळ बांधायला दहा कोटींहून अधिक डॉलर लागले होते; ऑगस्टमध्ये तो सोडावा लागला.

१७. या सैनिकांनी गुन्हा केला तर खटला कुठे चालतो?

निळ्या हेल्मेटवाल्यावर फौजदारी खटला फक्त त्याच्या देशात चालतो. संयुक्त राष्ट्रांना त्याला घरी पाठवता येतं, शिक्षा करता येत नाही. २०२१ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून गॅबनची ४५० जणांची तुकडी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून परत पाठवली गेली. पीडितेच्या दृष्टीने आरोपी हजार किलोमीटर दूर गेला, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

द्विपक्षीय तळांवर त्या त्या करारातलं कलम पाहावं लागतं. केनियात नान्युकी इथे ब्रिटिश सैन्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे २०१२ मध्ये एका स्थानिक तरुणीचा खून झाला. केनियाच्या न्यायालयाने एका माजी ब्रिटिश सैनिकाविरुद्ध अटक वॉरंट काढलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये.

१८. भारताचं सैन्य आफ्रिकेत आहे का? महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, निळ्या हेल्मेटमध्ये. काँगो आणि दक्षिण सुदान ही त्यातली मोठी नावं. आफ्रिकन युनियनच्या किंवा इकोवासच्या लढाऊ मोहिमांत भारतीय पलटणी नाहीत. १९६१ मध्ये काँगोच्या एलिझाबेथविल, म्हणजे आजच्या लुबुंबाशी इथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र मिळवणारे ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पहिले माजी विद्यार्थी. जुलै २००० मध्ये सिएरा लिओनच्या कैलाहूनमध्ये वेढल्या गेलेल्या दोनशेहून अधिक भारतीय शांतिसैनिकांना ऑपरेशन खुकरीत सोडवलं गेलं.

पुण्याचा संबंध अलीकडचा आहे. औंधच्या लष्करी केंद्रात मार्च २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये भारत आणि आफ्रिकी देशांचा ‘अफिंडेक्स’ हा संयुक्त सराव झाला. विषय होता संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांमधलं काम.

१९. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताचा तळ आहे, असं ऐकलं. खरं काय?

मॉरिशस आफ्रिकन युनियनचा सदस्य आहे, म्हणून प्रश्न इथे घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी अगालेगावर भारताच्या पैशातून बांधलेल्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन केलं. धावपट्टी सुमारे ३ किलोमीटरची आहे, बेटावर माणसं काहीशे. दोन्ही सरकारं म्हणतात, हा लष्करी तळ नाही. सागरी टेहळणी आणि बेटवासीयांची सोय आहे. मात्र एवढ्या लांब धावपट्टीवर नौदलाचं मोठं टेहळणी विमानही उतरू शकतं. ‘तळ’ म्हणायचं की नाही, हे ठरवण्यासाठी प्रश्न २ मधली कसोटी लावून पाहा : बोलावलं मॉरिशसने, पैसे भारताचे, आणि ‘पाठवलं कुणी’ या रकान्यात सध्या तरी कुठल्या पलटणीचं नाव जाहीर नाही.